हिरवा फसवा दगड आणि आपल्या खताची पिशवी



आज आपण एका दगडाबद्दल बोलणार आहोत. दगडाबद्दल काय ऐकायचं, असं वाटेल. पण हा दगड तुमच्या दातांत आहे, हाडांत आहे आणि जून महिन्यात दुकानासमोर रांग लावून आपण जी डीएपीची पिशवी आणतो, तीही याच दगडापासून बनते. एवढंच नाही. पिशवीतलं खत आपण रानात टाकतो, त्यातलं बरंचसं आपल्याच मातीत पुन्हा दगड होऊन बसतं. पैसे आपले जातात आणि पिकाच्या तोंडाला फारसं लागत नाही. हे का होतं आणि त्यावर आपण काय करू शकतो, ते आज समजून घेऊ.

या दगडाचं नाव अ‍ॅपेटाइट. चांगला स्फटिक असेल तर काचेसारखा चमकदार, बहुतेक वेळा हिरवा, कधी निळा, पिवळा, जांभळा, तर कधी तपकिरी. अगदी शुद्ध असला तर त्याला रंगच नसतो. लोह, मँगनीज असे पदार्थ चिमूटभर मिसळले की रंग येतो. त्याच्या स्फटिकाला सहा बाजू असतात, सहा पैलूंच्या पेन्सिलीसारख्या.

अ‍ॅपेटाइट हे नाव जर्मनीतले खनिजशास्त्रज्ञ अब्राहम वेर्नर यांनी १७८६ मध्ये दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो फसवणारा. कारण हा दगड कधी पाचूसारखा दिसे, कधी दुसऱ्याच रत्नासारखा, आणि जाणकारही फसत. मग ओळखायचा कसा? कठीणपणावरून. वेर्नर यांचे शिष्य फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी तयार केली. सगळ्यात खाली शंखजिरं, म्हणजे पायरी एक. सगळ्यात वर हिरा, पायरी दहा. अ‍ॅपेटाइट बरोबर मध्ये, पायरी पाचवर. आपलं नख अडीचच्या आसपास, स्टीलची सुरी साडेपाचच्या, गारगोटी सातवर. म्हणजे नखानं अ‍ॅपेटाइटवर ओरखडा पडत नाही, सुरीनं पडतो. पाचू मात्र साडेसातच्या वर असतो, त्याला सुरी काही करू शकत नाही. वजनाला अ‍ॅपेटाइट गारगोटीपेक्षा जड, पाण्याच्या सव्वातीन पटीच्या जरा आत.

जत्रेत कुणी पाचू म्हणून हिरवा खडा विकायला लागलं तर हे लक्षात ठेवा. अर्थात दुकानात बसून खड्यावर सुरी ओढू नका. खडा भारी किमतीचा असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर उठून यायचं.

आपल्या विहिरीतला हिरवा दगड कोणता?

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे विहीर खणताना हिरवे दगड निघतात. ते हेच का? नाही.

आपला धाराशिव जिल्हा काळ्या कातळावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचला आणि थंड होऊन त्याचा काळा पाषाण झाला. बालाघाटचे डोंगर त्याचेच, नळदुर्गच्या किल्ल्याचा चिरा त्याचाच. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून वेगवेगळी खनिजं बसली. तिथे जो मऊ, मातकट हिरवा पापुद्रा दिसतो, तो बहुतेक वेळा सेलाडोनाइट असतो. नखानं खरवडला की त्याची पूड होते. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. पुण्याजवळच्या पाषाण भागात हिरव्या रंगाचे सुंदर स्फटिक सापडले, त्यांचं नाव अ‍ॅपोफिलाइट. नाव ऐकायला सारखं वाटतं, पण ते वेगळं खनिज. या दोन्हींत स्फुरद नाही.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. अ‍ॅपेटाइटची खरी ओळख रंगात नाही, त्याच्या आतल्या स्फुरदात आहे. कॅल्शियम, म्हणजे आपल्या भाषेत चुन्यातला मुख्य भाग, आणि स्फुरद यांची घट्ट गाठ म्हणजे अ‍ॅपेटाइट. त्या गाठीत थोडं फ्लोराइड किंवा क्लोरीनही असतं.

मग आपल्या काळ्या कातळात अ‍ॅपेटाइट नाहीच का? आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. लाव्हा थंड होऊ लागला की त्यात आधी इतर खनिजं गोठतात. स्फुरदाला त्यांच्यात जागा मिळत नाही, म्हणून तो उरलेल्या रसात साठत जातो. शेवटी कॅल्शियम आणि फ्लोराइडला धरून त्याच्या बारीक सुया तयार होतात. त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. शंभर किलो कातळात स्फुरदाचा अंश साधारण पाव किलोच्या आसपास. जिथे जमिनीच्या पोटात खूप खोल रस सावकाश थंड होतो, तिथे मात्र अ‍ॅपेटाइटचे बोटाएवढे, कधी त्याहून मोठे स्फटिक वाढतात. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमच्या बाजूला काशीपट्टणम भागात अ‍ॅपेटाइटचे साठे आहेत.

आपला कातळ ऊन, पाऊस आणि मुळं यांनी फुटला, त्याचा मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली. त्या मातीत हा मूळचा स्फुरद थोडा थोडा उतरला. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्वारी पिकवली ती त्यावर आणि शेणखतावर.

समुद्रात बनलेला दगड

खताच्या कारखान्यात जो दगड जातो, त्याला रॉक फॉस्फेट म्हणतात. त्यातही अ‍ॅपेटाइटच असतं, पण जगातले बहुतेक मोठे साठे लाव्ह्यातून नाही, समुद्रात बनले आहेत. नद्या मातीबरोबर स्फुरद समुद्रात नेतात. समुद्रातले जीव तो शरीरात घेतात, मरतात, तळाशी साचतात. लाखो वर्षांत त्या गाळातला स्फुरद कॅल्शियमशी जोडला जाऊन त्याचा दगड होतो. पुढे जमीन वर उचलली जाते आणि समुद्राचा तळ डोंगर होतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे अशी मोठी खाण आहे. पण आपल्या देशाची गरज एवढ्यानं भागत नाही, बहुतेक दगड किंवा तयार खत बाहेरून आणावं लागतं. जगातल्या साठ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या भागात आहेत. म्हणून तिकडे भाव वाढला किंवा जहाज अडलं की इकडे कळंब आणि उमरग्याच्या दुकानात पिशवी मिळेनाशी होते.

इथे एक गोष्ट मनात धरा. तेरणा आणि मांजरेचं पाणी गोदावरीला जातं. सीना आणि बोरीचं भीमेला, पुढे कृष्णेला. दोन्ही वाटा शेवटी समुद्राला मिळतात. बांध फुटून जी माती वाहून जाते, तिच्याबरोबर आपला स्फुरदही जातो, आणि तो दगड होऊन परत यायला माणसाचा जन्म पुरत नाही. नत्र हवेत भरपूर आहे, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी ते धरून आणतात. स्फुरदाचं तसं नाही. हवेतून तो येत नाही. गेला तो गेला.

हा दगड आंबटालाच बधतो

अ‍ॅपेटाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि मूळ तर फक्त पाण्यात विरघळलेलंच पिऊ शकतं. मग ही गाठ सोडवायची कशानं? आम्लानं, म्हणजे आंबट पदार्थानं. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्या दाताचं वरचं कवच जवळजवळ सगळं अ‍ॅपेटाइटच्याच जातीच्या खनिजाचं असतं. म्हणून दात इतका कठीण. पण गोड खाऊन तोंड धुतलं नाही की जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, आम्ल दात विरघळवतं आणि कीड लागते. हाडातही हेच खनिज. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवून बघावं, आणि व्हिनेगर मधून मधून बदलावं. हाड रबरासारखं वाकायला लागतं, कारण आतलं खनिज निघून जातं.

कारखान्यातही तेच करतात, फक्त आम्ल जहाल असतं. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये अशा खताचं पेटंट घेतलं. हाडं किंवा फॉस्फेटचा दगड दळायचा, त्यावर गंधकाचं आम्ल टाकायचं, की त्यातला स्फुरद पाण्यात विरघळण्यासारखा होतो. तेच आपलं सुपर फॉस्फेट. डीएपी करतानाही आधी दगडातून आम्लानं स्फुरद सोडवतात आणि मग त्याला अमोनियाची जोड देतात.

आता आपल्या रानात या. आपली काळी माती आंबट नाही, उलट अल्कधर्मी आहे. बऱ्याच रानांत चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. एक खडा कुटून त्याच्या पुडीवर लिंबू पिळा, बारीक फेस येईल. तो चुना बोलतोय असं समजा. आपण डीएपी टाकतो, पावसानं ते विरघळतं, आणि लगेच मातीतलं कॅल्शियम स्फुरदाला धरतं. आधी सैल गाठ, मग घट्ट, आणि काळ जाईल तसतशी अ‍ॅपेटाइटच्या वळणाची. कारखान्यानं एवढं आम्ल खर्चून जी गाठ सोडवली, ती आपली माती परत मारते. म्हणून टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण पाचवा हिस्सा लागला तरी पुष्कळ. बाकीचा रानात शिल्लक राहतो, पण कुलूपबंद.

दरवर्षी पिशवीमागून पिशवी टाकत राहिलं तर काय होईल? कुलूपबंद साठा वाढेल, आणि जास्त स्फुरदामुळे पिकाला जस्त कमी मिळेल. पीक खुरटतं, आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि अजून टाकतो. कर्ज असं वाढतं.

किल्ली आपल्या हातात आहे

मग आम्ल आणायचं कुठून? गंधकाचं आम्ल रानात ओतता येत नाही. पण मातीत आम्ल तयार करणारे मजूर आहेत आणि ते रोजगार मागत नाहीत.

पहिले मजूर म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. दुकानात याला पीएसबी म्हणतात. हे जिवाणू सौम्य आम्लं सोडतात आणि स्फुरद मोकळा करतात. द्रवरूप असेल तर किलोभर बियाण्याला १० मिलि पुरे. एकरी ३० किलो सोयाबीन बियाणं धरलं तर ३०० मिलि. सोबत सोयाबीनचं रायझोबियम लावा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. सोयाबीनचं साल नाजूक असतं, ते चोळू नका, हलक्या हातानं फिरवा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. उन्हात वाळवलं तर जिवाणू मरतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खतं मिळतात. गटानं एकदम मागवली तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो. बाटलीवरची शेवटची तारीख मात्र बघून घ्या.

दुसरा मजूर म्हणजे शेणखत आणि कंपोस्ट. ते कुजताना आम्लं तयार होतात आणि जिवाणूंना खायला मिळतं. नुसते जिवाणू सोडले आणि रानात सेंद्रिय काही नसेल, तर ते उपाशी राहतात. म्हणून सोयाबीनचं भुसकट आणि काडीकचरा पेटवू नका.

तिसरा मजूर तुम्ही रोज बघता. हरभऱ्याच्या रानात सकाळी गेलं की पानांवरची आंब हाताला लागते, कपड्याला डाग पडतात. ती आंब म्हणजे आम्लच. हरभरा तसंच आम्ल मुळांतूनही सोडतो आणि चुन्यानं बांधलेला स्फुरद सोडवून घेतो. सोयाबीनमागे हरभरा घेण्याची आपल्याकडची रीत म्हणूनही चांगली आहे.

आता पिशवीचा हिशेब. खत दुकानदाराला विचारून नाही, माती तपासून टाकायचं. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घमेल्यात घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. सगळी मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो ठेवा. पिशवीत नाव आणि गट नंबर लिहून चिठ्ठी घाला आणि कृषी सहायकाकडे द्या. येणाऱ्या आरोग्यपत्रिकेत स्फुरद कमी, मध्यम की जास्त ते लिहिलेलं असतं. जास्त असेल तर खताची मात्रा कमी करता येते. हीच पहिली बचत.

सोयाबीनला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरदाची आहे, म्हणजे एकरी २४ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पिशवीत ८ किलो स्फुरद. म्हणजे सुपरच्या तीन पिशव्या आणि २० किलो युरिया एवढं घेतलं की एका डीएपी पिशवीचं काम होतं. वर तीन पिशव्यांतून साडेसोळा किलो गंधक मिळतं. सोयाबीन तेलाचं पीक आहे, त्याला गंधक लागतं, आणि डीएपीत ते नसतं. म्हणून डीएपी मिळालं नाही तर काळ्या बाजारात जादा पैसे मोजू नका. दोन्ही बाजूंचा भाव कागदावर मांडा आणि मग ठरवा. फक्त युरिया आणि सुपर एकत्र मिसळून ठेवू नका, पाणी सुटून गोळा होतो. ज्या दिवशी टाकायचं त्याच दिवशी मिसळा.

फोकून टाकू नका. फोकलं की खताचा दाणा चारी बाजूंनी चुन्याला भेटतो. दोन चाड्यांची पाभर किंवा पेरणी यंत्र वापरा. खत बियाण्याच्या खाली आणि जरा बाजूला, दोन-तीन बोटांच्या अंतरावर पडलं पाहिजे. एका ओळीत पडलं की मातीशी कमी भिडतं आणि मुळाला जवळ सापडतं. स्फुरद मातीत फार सरकत नाही. तो मुळाकडे चालत येत नाही, आपण त्याला मुळाजवळ नेऊन ठेवायचं.

कुणी रॉक फॉस्फेट स्वस्तात विकायला आलं तर? कोकणातल्या आंबट मातीत ते हळूहळू विरघळतं. आपल्या चुनखडीच्या मातीत थेट टाकलं तर दगड तो दगडच राहतो. घ्यायचंच असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात शेणाबरोबर थरांत टाका. कुजताना जे आम्ल होतं ते त्याच्या कामाला येतं.

आणि ज्या दगडाच्या नावातच फसवणूक आहे, त्याच्या पिशवीतही फसवणूक होते. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, चिमूटभर चुना घाला आणि तंबाखू मळतात तसे मळा. नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर त्यात अमोनिया आहे. वास आला नाही तर संशय घ्या. नाकाजवळ फार धरू नका आणि हात लगेच धुवा. पक्कं बिल घ्या, पिशवीची शिलाई बघा, आणि शंका आली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पेरणी झाली तरी बिल आणि रिकामी पिशवी जपून ठेवा.

जाता जाता पाण्याचं सांगते. अ‍ॅपेटाइटमधलं फ्लोराइड काही ठिकाणी खडकातून भूजलात उतरतं. थोडं दाताला चांगलं, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडंही दुखतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची सोय आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा आणि नवीन बोअरचं पाणी प्यायच्या आधी तपासून घ्या.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं करा. प्रत्येकीनं आपल्या रानातला मूठभर मातीचा नमुना आणि एक चुनखडीचा खडा आणा, लिंबू पिळून बघा. ज्यांच्याकडे आरोग्यपत्रिका आहे, त्यांनी ती सोबत आणून स्फुरदाचा रकाना सगळ्यांना वाचून दाखवा. आणि गेल्या वर्षी एकरी किती पिशव्या टाकल्या ते वहीत लिहा. घरात खत कोण ठरवतं, हेही त्याच वहीत लिहा. पेरणी आपण करतो, खुरपणी आपण करतो, काढणीही आपणच करतो. पिशवीचा हिशेबही आपल्याला यायला पाहिजे.

राम राम.